कवयित्री मारी ऊन्डर

घर, शेत, बाग, गुरेंढोरें हीं सारीं मनुष्यापासून हिरावून घेतां येतात. गांवची वाट त्याला बंद करितां येते. ज्या मातींत त्याचे वाडवडील निजले आहेत त्या मातीचें दर्शनहि त्याला दुर्लभ करितां येतें. परंतु आईच्या मांडीवर बसून जी भाषा तो शिकला, ती मात्र कोणत्याहि बलाढ्य सत्तेला त्याच्या मुखांतून सहजासहजीं काढून घेतां येत नाहीं. ती नष्ट होते ती बहुधा त्याच्या स्वतःच्याच उपेक्षेनें. या गोष्टीची साक्ष पटविणारें एक चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. तें एस्टोनिया देशांतील थोर कवयित्री मारी ऊन्डर यांचें होय.

युरोपचा नकाशा उघडून बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बोट फिरविलें, तर फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेस हा चिमुकला देश सांपडेल. १९३४ सालच्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या सुमारें सव्वाअकरा लाख भरली. म्हणजे आमच्याकडील एखाद्या जिल्ह्याइतकीच ती म्हणावयाची. तेथील भाषा फिनलंडच्या भाषेची भगिनी आहे. जर्मन व रशियन या बलिष्ठ शेजारणींशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं. तिच्यांत नामांस लिंग मुळींच नाहीं, आणि पुरुष असो वा स्त्री असो, दोघांसहि एकच सर्वनाम चालतें. हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांना त्या मुलांचा हेवा वाटेल. परंतु त्या भाषेंत विभक्ति चौदा आहेत, हेंहि त्यांनीं ध्यानांत ठेवावें!

या लोकांच्या नशिबीं पारतंत्र्य फार काळ होतें. तेराव्या शतकांत जर्मन व डेन लोकांनीं हा देश तरवारीच्या बळावर जिंकला. पुढें स्वीडनचे राजे आले आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं रशियाच्या झारचें राज्य आलें. राजा कोणीहि असो, जमीनदार आणि नगरांतील प्रतिष्ठित मंडळी जर्मनच राहिली, आणि एस्टोनियन शेतकरी त्यांचा भूदास झाला. उत्तर भागांत १८१६ सालीं व दक्षिण भागांत १८१९ सालीं या भूदासांना मुक्तता मिळाली. तरीहि शिकलेल्यांची भाषा जर्मन, सरकारची भाषा रशियन आणि एस्टोनियन ही गडीमाणसांची भाषा, असाच व्यवहार चालू राहिला. चार अक्षरें शिकून चार पैसे मिळवूं लागलेला एस्टोनियन मनुष्य मोडकेंतोडकें जर्मन बोलूं लागे. अशा मनुष्यास गांवकरी थट्टेनें जुनिपर-जर्मन म्हणत. जुनिपर हें तेथील माळरानावर आपोआप उगवणारें एक टोंचरें झुडूप आहे. आमच्याकडे अशा मनुष्याला काय म्हणतात, तें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

तथापि या भाषेचा दिवा अगदींच विझला नव्हता. १७३९ सालीं संपूर्ण बायबल एस्टोनियन भाषेंत छापून निघालें होतें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील बहुतेक शेतकऱ्यांना वाचतां येत होतें. १८६९ सालीं तार्तू नगरांत पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव भरला. गांवोगांवचे लोक एकत्र येऊन आपल्या भाषेंत गाऊं लागले, आणि गातांगातां आपण एक राष्ट्र आहों ही जाणीव त्यांच्यांत उत्पन्न झाली.

अशा काळीं, २७ मार्च १८८३ रोजीं, ताल्लिन नगरांत मारीबाईंचा जन्म झाला. आईबाप हीउमा नांवाच्या बेटावरून नगरांत येऊन राहिलेले. वडील शिक्षकाचा व्यवसाय केलेले. घरीं एस्टोनियन बोलत. परंतु मुलीला चांगलें शिक्षण द्यावयाचें तर जर्मन भाषेंतून शिकविणाऱ्या शाळेवांचून गत्यंतर नव्हतें. त्याप्रमाणें मारीबाई जर्मन मुलींच्या एका खाजगी शाळेंत शिकल्या. वाचनाची आवड उपजतच होती. लहान वयांतच त्या कविता लिहूं लागल्या. परंतु त्या कविता जर्मन भाषेंत होत्या. यांत नवल कांहींच नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांनीं कविता रचण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांतील कित्येकांनीं तो प्रथम इंग्रजींतच केला असेल. ज्या भाषेंतील कविता गुरुजी वर्गांत समजावून देतात, तीच काय ती कवितेची भाषा, असें कोवळ्या मनाला वाटतें. घरची भाषा ही भाजी आणावयाची आणि भावंडांशीं भांडावयाची!

शिक्षण संपल्यावर मारीबाई एका एस्टोनियन वृत्तपत्राच्या कचेरींत काम करूं लागल्या. हें पत्र १९०१ सालीं कॉन्स्टान्टिन पॅट्स यांनीं काढिलें होतें. हेच गृहस्थ पुढें स्वतंत्र एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेथें मारीबाईंचा स्वभाषेच्या अभिमानी मंडळींशीं परिचय घडला. त्यांपैकीं चित्रकार आन्त्स लायकमा यांचा उपकार विशेष मानिला पाहिजे. लायकमा चित्रकला शिकले जर्मनींत. परंतु त्यांचें मन मायदेशाच्या ठिकाणीं होतें. या तरुणीच्या जर्मन कविता पाहून त्यांनीं नुसती वाहवा केली नाहीं. त्यांनीं तिला एस्टोनियन भाषेंत लिहिण्याचा आग्रह केला. १९०४ सालीं त्यांनीं रंगीत खडूंनीं काढिलेलें मारीबाईंचें चित्र एस्टोनियाच्या कलाभांडारांतील एक प्रसिद्ध चित्र होऊन बसलें आहे. परंतु आमच्या मतें त्या चित्राहूनहि त्यांचा तो आग्रह अधिक मोलाचा ठरला.

हा आग्रह मान्य करणें मात्र सोपें नव्हतें. जर्मन भाषेंत गटे व शिलर यांनीं शब्दांचा राजमार्ग बांधून ठेविला होता. एस्टोनियन भाषेंत नुकत्या कोठें पाऊलवाटा पडत होत्या. नाजूक भावनांना शब्द अपुरे पडत. भाषापंडित योहानेस आविक यांनीं याच सुमारास बोलींतून व फिनलंडच्या भाषेंतून शब्द घेऊन, प्रसंगीं अगदीं नवे शब्द घडवून, आपल्या भाषेचें दारिद्र्य दूर करण्याचा उद्योग आरंभिला होता. मारीबाईंसारख्या कवींनीं आपल्या पद्यांतून ही भाषा वाकविली आणि समृद्ध केली. १९०४ सालीं त्यांची पहिली एस्टोनियन कविता टोपणनांवानें वृत्तपत्रांत छापून आली.

मध्यंतरीं १९०२ सालीं त्यांचा विवाह कार्ल हाकर यांच्याशीं झाला होता, आणि पतीच्या नोकरीनिमित्त त्या मॉस्कोनजीक जाऊन राहिल्या होत्या. दाग्मार व हेड्डा या दोन कन्या त्यांना झाल्या. १९०६ सालीं कुटुंब ताल्लिनला परतलें. हा संसार पुढें सुखाचा ठरला नाहीं. १९१३ सालीं आर्तुर आड्सोन या तरुण भूमापकाशीं त्यांची ओळख झाली. आड्सोन स्वतः कवि होते, आणि दक्षिणेकडील व्होरू प्रांताच्या बोलींत त्यांनीं गोड कविता लिहिल्या. मारीबाईंच्या इतस्ततः विखुरलेल्या कविता गोळा करून त्या जतन करण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें. १९२४ सालीं मारीबाईंचा त्यांच्याशीं विवाह झाला, आणि तो सहवास अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

मारीबाईंचा पहिला काव्यसंग्रह १९१७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्या चौतीस वर्षांच्या होत्या. त्यांत चौदा ओळींचीं सुनीतें होतीं. चोहोंकडे महायुद्धाचा वणवा पेटलेला असतां या संग्रहांत वसंत, फुलें आणि प्रीति यांचें मोकळें गान होतें. एका स्त्रीनें आपलें अंतःकरण इतक्या निर्भीडपणें उघड करावें, हें कित्येकांस रुचलें नाहीं. टीकाहि पुष्कळ झाली. परंतु वाचकांनीं पुस्तक उचलून धरिलें. त्याच वर्षीं कांहीं तरुण साहित्यिकांनीं सिउरु नांवाचें मंडळ काढिलें. सिउरु हा तेथील लोकगीतांतील एक पक्षी आहे. या मंडळांत फ्रीदेबेर्त तुग्लास, आउगुस्त गाइलित, हेन्रिक व्हिस्नापू, योहानेस सेम्पेर व आड्सोन हे होते, आणि मारीबाईंना ही मंडळी आपली राजकन्या म्हणत. मंडळ फार वर्षें चाललें नाहीं. तरी तेवढ्या अवधींत एस्टोनियन कवितेला नवा कंठ फुटला.

२४ फेब्रुवारी १९१८ रोजीं एस्टोनियानें स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि युद्धाअंतीं २ फेब्रुवारी १९२० रोजीं तार्तू येथें झालेल्या तहानें रशियानें तें मान्य केलें. कालपर्यंत जी गडीमाणसांची भाषा होती, ती आतां न्यायालयाची आणि राज्यकारभाराची भाषा झाली. तार्तूच्या जुन्या विश्वविद्यालयांतहि १९१९ सालापासून अध्यापन तिच्यांत होऊं लागलें. मारीबाईंच्या कवितेंतहि पालट झाला. युद्धांतील रक्तपात आणि दारिद्र्य पाहून त्यांचा सूर गंभीर झाला. स्वतःच्या सुखदुःखांपलीकडे जाऊन त्या दुसऱ्यांच्या वेदना गाऊं लागल्या. १९२० सालीं त्यांनीं अर्वाचीन जर्मन कवितांचें एस्टोनियन भाषांतर पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. मायबोलीचा आश्रय केला म्हणून त्यांनीं परभाषेचा द्वेष केला नाहीं. शाळेंत मिळालेलें धन त्यांनीं घरीं आणून आईच्या पदरांत टाकिलें. १९२२ सालीं एस्टोनियन लेखकसंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांतहि त्या होत्या.

१९२९ सालीं त्यांच्या कथागीतांचा संग्रह निघाला. हा त्यांच्या प्रतिभेचा उत्कर्ष होय, असें पुष्कळ जाणते समजतात. जुन्या लोककथा घेऊन त्यांत त्यांनीं मानवी पापपुण्याचा झगडा रंगविला आहे. एस्टोनियांत अशी एक समजूत आहे कीं, कांठचे लोक दुष्ट झाले, त्यांनीं पाणी विटाळलें, म्हणजे सरोवर रुसतें. तें ढग होऊन आकाशांत चढतें आणि दूर देशीं चांगल्या माणसांच्या गांवीं जाऊन उतरतें. मागें उरतो तो कोरडा चिखल. या भटक्या सरोवरावर मारीबाईंचें एक कथागीत आहे. पाणी जातें तें सरोवराच्या दोषानें नव्हे, कांठच्या माणसांच्या दोषानें, हा त्या लोककथेचा बोध. भाषेलाहि तो लागू पडतो, असें आम्हांस वाटतें.

१९३३ सालीं ताल्लिनजवळ नॉम्मे येथें, पाइन वृक्षांच्या छायेंत, या दांपत्यानें आपलें घर बांधिलें. मारीबाई आतां पन्नाशीच्या होत्या. कीर्ति मिळाली होती. भोंवतीं बाग होती. उरलेलें आयुष्य येथेंच शांतपणें जाईल असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तसें व्हावयाचें नव्हतें.

ऑगस्ट १९३९ मध्यें जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनीं आपसांत गुप्त करार करून पूर्व युरोपची वांटणी केली. त्या वांटणींत एस्टोनिया रशियाच्या वांट्यास गेला. जून १९४० मध्यें रशियन फौजांनीं देश व्यापिला. पुढील वर्षीं, १४ जून १९४१ रोजीं, सुमारें १०,००० माणसांना घरांतून उठवून, पुरुषांना बायकामुलांपासून वेगळें काढून, मालगाड्यांतून रशियाच्या दूरच्या भागांत रवाना करण्यांत आलें. त्यांत तान्हीं मुलें होतीं आणि वृद्धहि होते. पुष्कळजण पुन्हां परतले नाहींत. त्या वर्षीं नाताळचा सण आला, तेव्हां घरोघरीं भोजनाच्या मेजाभोंवतीं जागा रिकाम्या होत्या. मारीबाईंनीं त्या नेलेल्या बांधवांना उद्देशून नाताळची एक कविता लिहिली. तारणाऱ्याच्या जन्माचा आनंद आणि हरपलेल्यांचा शोक हीं दोन्ही तिच्यांत एकत्र आलीं. तोंवर देशावर जर्मनांचा ताबा आला होता. एक धनी जाऊन दुसरा आला, एवढाच फरक. १९४२ सालीं त्यांचा जो संग्रह निघाला त्याच्या नांवांतच दुःखी मुखाचा उल्लेख आहे. सुनीतांतून वसंत गाणारी राजकन्या आतां शोकग्रस्त राष्ट्राची वाणी झाली होती.

सप्टेंबर १९४४ मध्यें जर्मन फौजा मागें हटल्या आणि २२ तारखेला रशियन सैन्य ताल्लिनमध्यें शिरलें. त्या वर्षीं सुमारें ७०,००० एस्टोनियन लोकांनीं देश सोडिला. मिळेल त्या बोटींत, मासेमारीच्या होड्यांतहि, माणसें दाटीवाटीनें बसलीं आणि शरदांतील खवळलेल्या समुद्रावर त्यांनीं आपला जीव सोंपविला. सर्वच पैलतीरास पोहोंचलीं नाहींत. त्यांपैकीं सुमारें २५,००० लोकांना स्वीडननें आश्रय दिला. मारीबाई व आड्सोन यांनींहि नॉम्मेचें घर, बाग आणि पुस्तकें मागें टाकून स्वीडनची वाट धरिली. त्या वेळीं मारीबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयांत माणसें नातवंडांना गोष्टी सांगत बसतात, त्या वयांत त्या निर्वासितांच्या छावणींत राहिल्या. पुढें स्टॉकहोमच्या मेलारहॉय्डन या उपनगरांत त्यांना बिऱ्हाड मिळालें, आणि उदरनिर्वाहासाठीं तेथील ड्रॉटनिंगहोमच्या नाट्यसंग्रहालयांत दोघांनीं कागदपत्रें लावण्याचें काम केलें.

आतां प्रश्न असा होता कीं, कवितेचें काय? कवीचा वाचक त्याच्या भाषेंत राहतो. आणि मारीबाईंच्या वाचकांचा मोठा भाग समुद्रापलीकडे कुलुपबंद झाला होता. तिकडे त्यांच्यासारख्या देशत्यागी लेखकांचीं पुस्तकें ग्रंथालयांतून काढून टाकण्यांत आलीं. इकडे स्वीडनमध्यें त्यांची भाषा जाणणारा शेजारी नव्हता. जर्मन भाषेवर त्यांचें लहानपणापासून प्रभुत्व होतें. तिच्यांत लिहिलें असतें तर मोठा वाचकवर्ग मिळाला असता. परंतु त्या एस्टोनियन भाषेंतच लिहीत राहिल्या. बाबेलच्या नद्यांच्या कांठीं बसून सीयोनेचें स्मरण करणाऱ्या बंदिवानांची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परक्या भूमींत आपलें गीत कसें गावें, हाच प्रश्न या एस्टोनियन बंदिवानांपुढें होता. आणि मारीबाईंनीं तें गाऊनच त्याचें उत्तर दिलें.

या उद्योगांत त्या एकट्या नव्हत्या, हें सांगितलें पाहिजे. कंगाल होऊन आलेल्या या निर्वासितांनीं स्वीडनमध्यें पाय टेकतांच आपल्या भाषेंत पुस्तकें छापण्यास आरंभ केला. १९४५ सालीं परदेशस्थ लेखकांचा संघ स्थापन झाला. पुढें लुंड येथें बर्नार्ड कांग्रो या कवीच्या पुढाकारानें लेखकांची सहकारी प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि स्वीडन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा चारी दिशांना पांगलेले एस्टोनियन मजूर, कारकून, गृहिणी तिचीं पुस्तकें विकत घेऊं लागले. कारखान्यांत दिवसभर राबून आलेला मनुष्य पगारांतून पैसे वेगळे काढून आपल्या भाषेंतील पुस्तक मागवी. ज्यांचे घरीं चांगली प्राप्ति असून मराठी पुस्तकांस फडताळांत जागा नाहीं, त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. शब्दांचे कारागीर योहानेस आविक हेहि याच निर्वासितांत होते.

निर्वासित दशेंत मारीबाईंनीं फार लिहिलें नाहीं. पण जें लिहिलें तें पोळलेल्या मनाचें सत्त्व होतें. १९५४ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यांचा एक संग्रह निघाला. राखेंतील ठिणग्या असा त्याच्या नांवाचा अर्थ. १९६३ सालीं, ऐंशीव्या वर्षीं, शेवटचा संग्रह निघाला. त्यांत आयुष्याच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या जिवाचें शांत चिंतन आहे. जर्मन, इंग्रजी वगैरे भाषांत त्यांच्या कवितांचीं भाषांतरें झालीं. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव अनेक वेळां सुचविण्यांत आलें. तें पारितोषिक त्या राहत होत्या त्याच स्टॉकहोम नगरांत दरवर्षीं दिलें जातें. परंतु त्यांना तें मिळालें नाहीं. लहान भाषेच्या कवीला जगाच्या दरबारीं भाषांतराच्या होडींतून जावें लागतें, आणि कवितेचें निम्मेंशिम्में धन वाटेंतच समुद्रांत पडतें!

१९७७ सालीं आड्सोन निवर्तले. मारीबाई २५ सप्टेंबर १९८० रोजीं, सत्त्याण्णवाव्या वर्षीं, स्टॉकहोम येथें वारल्या. छत्तीस वर्षें त्या परदेशांत राहिल्या. मायभूमीचें दर्शन त्यांना पुन्हां घडलें नाहीं. स्टॉकहोमच्या वनस्मशानभूमींत, परक्या पाइन वृक्षांखालीं, त्यांना मूठमाती मिळाली.

परंतु कथा येथें संपत नाहीं. नॉम्मे येथील त्यांच्या घरांत पुढें त्यांचे सिउरु मंडळांतील जुने स्नेही तुग्लास राहूं लागले होते, आणि ऊन्डर व तुग्लास या दोघांचेंहि नांव धारण करणारी साहित्यसंस्था त्यांच्या पश्चात् उभी राहिली. देशांतील लोकांनींहि त्यांच्या कविता विसरल्या नव्हत्या. १९८८ सालापासून लाखों माणसें मैदानांत जमून राष्ट्रगीतें गाऊं लागलीं, आणि २० ऑगस्ट १९९१ रोजीं एस्टोनिया पुन्हां स्वतंत्र झाला. २०१० सालीं ताल्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासमोर मारीबाईंचें स्मारक उभारण्यांत आलें. पुढें २०२३ सालीं त्यांच्या व आड्सोन यांच्या अस्थि स्वीडनमधून आणून ताल्लिनच्या राहुमॅए स्मशानभूमींत आदरपूर्वक पुरण्यांत आल्या. देहाला मायभूमीस परतण्यास जवळजवळ ऐंशी वर्षें लागलीं. कविता मात्र तेथून कधीं गेलीच नव्हती.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? इंग्रजीचा अभ्यास कमी करावा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मारीबाई परभाषेंत पारंगत होत्या आणि त्यांतील उत्तम तें त्यांनीं स्वभाषेंत आणिलें. तसें करावयाचें तर परभाषा चांगलीच आली पाहिजे. परंतु त्यांचीं पहिलीं पद्यें जर्मन होतीं हें विसरूं नये. मायबोलीचें बोलणें त्यांना जन्मानें मिळालें. तिच्यांत लिहिणें त्यांनीं निश्चयानें आणि श्रमानें मिळविलें. सव्वाअकरा लाखांची भाषा त्यांनीं निर्वासितांच्या छावणींतहि सोडिली नाहीं. आमची भाषा कोट्यवधि लोकांची आहे. तिला कोणी देशोधडीस लाविलें नाहीं, तिचीं पुस्तकें कोणी ग्रंथालयांतून काढून टाकिलीं नाहींत. तिला भय असलेंच तर तें आमच्याच आळसाचें आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत निदान एक चांगलें मराठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. आजोळीं पत्र लिहावयाचें असेल तर तें मराठींत लिहा, आणि त्यांत जो शब्द अडेल तो आजीला विचारा. पालकांनींहि तेवढ्यापुरती मुलांना सवड द्यावी. परीक्षेंत त्याचे गुण मिळत नाहींत, म्हणून तो वेळ फुकट गेला असें समजूं नये.